अँटिबॉडी रिपोर्टवर प्रथिनाचे नाव छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लस घेऊनही अँटिबॉडी चाचणी निगेटिव्ह आली, मग लस गेली कुठे, असा प्रश्न करोनाची साथ ओसरल्यावरही ऐकू येतो. पुष्कळदा लशीचे काहीच बिघडलेले नसते. चाचणी दुसऱ्याच प्रथिनाची झालेली असते. अनेक रिपोर्टांवर मात्र ‘कोविड आयजीजी’ (आयजीजी हा अँटिबॉडीचाच एक प्रकार) एवढेच असते आणि त्यापुढे एक आकडा. तेवढ्यावरून डॉक्टरांनाही धड काही सांगता येत नाही.

विषाणूच्या पृष्ठभागावरचे काटे म्हणजे स्पाइक, अर्थात ‘एस’ प्रथिन. आत आरएनएला धरून असलेले न्यूक्लिओकॅप्सिड म्हणजे ‘एन’. कोव्हिशील्ड आणि कोव्होव्हॅक्स शरीराला विषाणूचे फक्त एस प्रथिन दाखवतात; कोर्बेव्हॅक्स तर एसचाही पेशीला चिकटणारा तुकडाच, म्हणजे आरबीडी. यांपैकी एखादी लस घेतलेल्या, पण लागण न झालेल्या माणसाची एनची चाचणी निगेटिव्हच यायला हवी. कोव्हॅक्सिनचा हिशेब निराळा. पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, वेगळा केलेला विषाणू वाढवून, बीटा-प्रोपिओलॅक्टोन या रसायनाने निष्क्रिय करून ती बनवली. तीत एस आणि एन दोन्ही असतात, त्यामुळे ती घेतलेल्याच्या रक्तात एनच्या अँटिबॉडी सापडल्या म्हणून लागण झाली होती असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

लशीसाठी पृष्ठभागावरचेच प्रथिन का, हे उघड आहे. विषाणू आपल्या पेशीवरच्या एसीई-२ या ग्राहीला त्यानेच चिकटतो. ती जागा अडवली की आत शिरणे अवघड. पण हे प्रथिन हाताळायला भलते कटकटीचे. १२७३ अमिनो आम्लांच्या साखळ्या तीन-तीन एकत्र येऊन एक काटा होतो, आणि पेशीशी एकजीव होताना जो लांबट आकार घ्यायचा, त्यात तो अवेळीच उलटतो. मग उपयोगाच्या काही जागा नाहीशा होतात आणि निघणाऱ्या बऱ्याच अँटिबॉडी विषाणूला रोखत नाहीत. मर्स या दुसऱ्या करोना-आजाराच्या विषाणूवर काम करताना जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम या अमेरिकी शास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की एका वळणावरची लागोपाठची दोन अमिनो आम्ले काढून तिथे प्रोलिन हे ताठर अमिनो आम्ल बसवले की आकार टिकतो. कोविडच्या विषाणूत त्या जागा ९८६ आणि ९८७ क्रमांकाच्या. फायझर, मॉडर्ना आणि कोव्होव्हॅक्स या तिन्हींत हा बदल आहे. कोव्हिशील्डमध्ये नाही, तरीही ती लस चालली. तेव्हा प्रोलिनवाचून सगळे अडते, असेही नाही.

कोव्होव्हॅक्समध्ये याखेरीज स्पाइक जिथे चिरला जातो ती फ्युरिन या विकराची जागाही बदलली आहे. तिचे प्रथिन एसएफ-९ नावाच्या कीटकपेशींत तयार होते. या पेशी मूळच्या मक्याचा फडशा पाडणाऱ्या लष्करी अळीच्या, जिच्यावर २०१८ पासून आपले शेतकरी फवारणी करून थकले आहेत! एका डोसात प्रथिन फक्त ५ मायक्रोग्रॅम आणि मॅट्रिक्स-एम हे सहायक द्रव्य ५० मायक्रोग्रॅम. कोर्बेव्हॅक्सचा आरबीडी यीस्टमध्ये बनतो. यीस्ट ३३१ क्रमांकाच्या जागेवर साखरेची लांबलचक साखळी चढवते, म्हणून ते अमिनो आम्लच काढून टाकले. सिस्टीन हे अमिनो आम्ल दुसऱ्या सिस्टीनशी बंध जोडते; ५३८ व्या जागेवरच्या सिस्टीनचा जोडीदार, म्हणजे ५९० वा, तुकड्याच्या बाहेर राहतो. मग ते मोकळे सिस्टीन शेजारच्या रेणूला चिकटून गाठी होतात, म्हणून तिथे ॲलानिन हे बंध न जोडणारे अमिनो आम्ल घातले. एवढा लहान तुकडा शरीर फारसा मनावर घेत नाही. त्यामुळे २५ मायक्रोग्रॅम प्रथिनाला ७५० मायक्रोग्रॅम ॲल्युमिनियम आणि तितकेच सीपीजी-१०१८ ही सहायक द्रव्ये जोडावी लागतात.

हीच कटकट चाचणीच्या किटमध्येही येते. एन प्रथिन ई. कोलाय जिवाणूत भरपूर आणि स्वस्तात बनते. आरबीडीत सिस्टीनच्या जोड्यांचे चार बंध बरोबर जुळावे लागतात. जिवाणूच्या पेशीत ते जुळत नाहीत आणि प्रथिनाचा निरुपयोगी गोळा होतो. म्हणून त्याला सस्तन प्राण्यांच्या किंवा कीटकांच्या पेशी, निदान यीस्ट तरी लागते, आणि किंमत वाढते. एनचेही दोष आहेत. ते जिवाणूच्या आरएनएला घट्ट धरून ठेवते. शुद्धीकरण नीट झाले नाही तर जिवाणूचे अंश मागे उरतात, आणि ई. कोलायविरुद्धच्या अँटिबॉडी, ज्या कित्येकांच्या रक्तात असतातच, एलायझाच्या (रंगाच्या गडदपणावरून अँटिबॉडी मोजणाऱ्या चाचणीच्या) प्लेटवर त्यांना चिकटून खोटा पॉझिटिव्ह देतात. शिवाय सर्दीच्या करोना विषाणूंशी एनचे साम्य आरबीडीपेक्षा जास्त. धुण्याची एखादी फेरी कमी केली तरी रंगाचे ४५० नॅनोमीटरवरचे वाचन फुगते, पण तो किटचा नव्हे, हाताचा दोष.

प्रथिनाच्या निवडीने काय फरक पडतो, हे आपल्याच दोन शहरांत पाहा. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांतील सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांत ५७ टक्के आणि इतर वस्तीत १६ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या. ती चाचणी एनची होती. पुण्याच्या पाच प्रभागांत ५१.५ टक्के आढळल्या, ती आरबीडीची. लस यायची होती, म्हणून दोन्हींचा अर्थ एकच होता: लागण. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झाल्यावर पुण्यासारख्या चाचणीतून लागण आणि लस वेगळी काढता येईना. एनआयव्हीच्या ‘कोविड कवच’ एलायझात तर अख्खा निष्क्रिय विषाणू होता, म्हणजे तिथेही तीच अडचण.

आकड्यांचा घोळ वेगळाच. ॲबट कंपनीच्या स्पाइक चाचणीत तिच्या एककातले ५० एयू झाले की पॉझिटिव्ह, रोश कंपनीच्या चाचणीत ०.८ यू. एका भावाचा आकडा ॲबटवर १००० आणि दुसऱ्याचा रोशवर १५० आला, तर दोघांत फरक जवळजवळ नसेलही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये प्रमाणित नमुना ठरवून बीएयू हे सर्वांसाठी सामाईक एकक दिले. ॲबटच्या आकड्याला ०.१४२ ने गुणावे. रोशचा आकडा जवळपास तोच राहतो. वरचे १००० मग १४२ बीएयू होतात. तेही जुन्या, वुहानच्या स्पाइकवर मोजलेले. सुरुवातीच्या ओमिक्रॉनच्या आरबीडीतच पंधराच्या आसपास बदल होते, त्यामुळे हा आकडा मोठा असला म्हणजे नव्या उपप्रकारापासून तितकेच संरक्षण, असे नाही.

आमची मागणी छोटी आहे. प्रतिजन (म्हणजे किटमध्ये अँटिबॉडी पकडायला लावलेला विषाणूचा भाग) एन, एस, आरबीडी की अख्खा विषाणू, एकक बीएयू, किटची पॉझिटिव्ह-मर्यादा, आणि रुग्णाने घेतलेली लस, एवढे रिपोर्टवर छापणे प्रयोगशाळांना बंधनकारक करावे. पहिल्या तिन्ही गोष्टींसाठी लागणारी माहिती किटच्या पत्रकात असतेच, चौथी नमुना घेताना विचारता येते.

— सूक्ष्मजीवशास्त्राचे काही अध्यापक, पुणे