राउटर भंगारात देऊ नकोस

चिपळूण

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. काकांचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. पण शेवटच्या चार ओळी वाचून लगेच लिहायला बसलोय. अपडेट चालू असताना लाईट गेली, राउटर उठलाच नाही आणि आता तो भंगारवाल्याला देणार, असं लिहिलंयस. कृपा करून देऊ नकोस. पॉवरचा दिवा लागतो, वायफायचं नाव दिसत नाही, केबल जोडली तरी सेटिंगचं पान उघडत नाही, एवढंच असेल तर तो परत चालू होण्याची शक्यता खूप आहे.

आत काय झालंय ते सांगतो. राउटरमध्ये फ्लॅश मेमरीची एक चिप असते, जुन्या घरगुती यंत्रांत बहुधा ८ किंवा १६ एमबीची. तिचे भाग पाडलेले असतात. एका छोट्या भागात बूटलोडर, म्हणजे यंत्र चालू होताच सगळ्यात आधी उठणारा छोटा प्रोग्रॅम; बऱ्याच राउटरमध्ये तो यू-बूट नावाचा आणि ब्रॉडकॉमची चिप असलेल्या जुन्या यंत्रांत सीएफई नावाचा. त्यानंतर फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारी लिनक्स ही प्रणाली आणि बाकीच्या फाइली. आणखी एका भागात त्या राउटरचा स्वतःचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा ओळख क्रमांक, आणि वायफायच्या रेडिओचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याच यंत्रासाठी केलेली जुळणी. नेहमीचं अपडेट सहसा फर्मवेअरच्या भागावरच लिहितं. फ्लॅशवर लिहायचं तर आधी तिथलं पुसावं लागतं, म्हणून ऐन वेळी वीज गेली की जुनं पुसलेलं आणि नवं अर्धवट अशी गत होते. पुन्हा चालू केल्यावर बूटलोडर मात्र ठणठणीत उठतो, फर्मवेअरचा चेकसम, म्हणजे फाइल शाबूत आहे का ते सांगणारा आकडा, तपासतो, तो जुळत नाही म्हणून पुढे जात नाही. तुझा राउटर बहुतेक तिथेच अडून बसलाय.

त्याला फर्मवेअरची नवी फाइल द्यायची वाट म्हणजे टीएफटीपी, नेटवर्कवरून फाइल पाठवायची एक रीत. १९८१ सालापासूनचा हा प्रोटोकॉल इतका साधा आहे की बूटलोडरच्या इवल्याशा जागेतही मावतो. ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवायचा, पोच आली की पुढचा. लॉगिन नाही, पासवर्ड नाही. मला तो फार आवडतो. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी मुद्दाम इतकं कमी ठेवलं, म्हणून आज आपली यंत्रं वाचतात.

आधी राउटरच्या तळाचं लेबल वाच. मॉडेलइतकीच हार्डवेअर आवृत्ती महत्त्वाची, कारण एकाच नावाच्या व्ही२ आणि व्ही४ मध्ये आतली चिपच वेगळी असू शकते. फाइल कंपनीच्याच साइटवरून, नेमक्या त्याच आवृत्तीची घे. मग रिकव्हरीची रीत शोध, कारण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. काही राउटर स्वतःच लॅपटॉपकडे ठरावीक नावाची फाइल मागतात; तिथे लॅपटॉपला ठरलेला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, द्यायचा आणि फाइल पुरवणारा टीएफटीपी सर्व्हर त्यावर चालू ठेवायचा. काहींमध्ये उलट, राउटर वाट बघतो आणि फाइल आपण ढकलायची. काही डी-लिंक मॉडेल आणीबाणीचं छोटंसं वेबपान दाखवतात. असुसच्या राउटरमध्ये रिसेट दाबून धरून पॉवर दिली की दिवा संथ लुकलुकतो, मग त्यांच्याच प्रोग्रॅममधून फाइल चढवता येते.

आता एक गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. राउटर चालू करतो त्या क्षणी लॅपटॉपचं लॅन, म्हणजे केबलचं, कनेक्शन तुटून पुन्हा जुळतं. त्यात जी दोन-चार सेकंदं जातात, नेमकी तेवढ्यातच बूटलोडर फाइल मागून मोकळा होतो. माझ्या आत्याच्या गुहागरच्या घरी असंच होत होतं. शेवटी मधे एक जुना नेटवर्क स्विच लावला. लॅपटॉप स्विचला, राउटर स्विचला. लॅपटॉपचा दुवा तुटेचना, आणि फाइल सरळ गेली. तेव्हा स्विच कुणाकडून तरी मागून आण. लॅपटॉपचं वायफाय बंद ठेव आणि त्याची फायरवॉल तेवढ्यापुरती उतरव, नाहीतर टीएफटीपी ज्यावरून चालतं ते यूडीपीचं ६९ नंबरचं पोर्ट अडतं. फाइल गेल्यावर काही मिनिटं राउटरला हात लावू नकोस, चिपवर लिहिणं सावकाश चालतं. आणि हे सगळं इन्व्हर्टरवर कर. तुमच्याकडे संध्याकाळी लाईटचा काय भरवसा ते तू मला सांगायला नको!

बूटलोडर जिवंत आहे का, हे कळायला लॅपटॉपवरून राउटरला सतत पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक, चालू ठेव. सीएफईवाल्या जुन्या यंत्रांत उत्तरात टीटीएल नावाचा आकडा १०० दिसला तर बूटलोडर बोलतोय, ६४ दिसला तर लिनक्स, म्हणजे फर्मवेअर उठलंय.

यातलं काहीच चाललं नाही तर राउटरचा खोका उघडून सिरियल पिना, म्हणजे बूटलोडरशी थेट बोलायच्या पिना, शोधाव्या लागतील. त्या लॅपटॉपला जोडणारा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर ३.३ व्होल्टचाच हवा (हे टीटीएल वेगळं, पिंगमधल्या आकड्याशी त्याचा संबंध नाही). तीन तारा पुरतात: ग्राउंडला ग्राउंड, एकाची टीएक्स (पाठवायची) पिन दुसऱ्याच्या आरएक्स (घ्यायच्या) पिनला आणि उलट. व्होल्टेजची पिन जोडायची नाही. प्रोग्रॅममध्ये टाकायचा वेग बहुतेक वेळा ११५२०० बॉड असतो. पडद्यावर ‘बॅड डेटा सीआरसी’, म्हणजे चेकसम जुळत नाही, अशी ओळ आली तर खुशाल आनंद मान, बूटलोडर शाबूत आहे. हे काम मात्र एकट्याने करू नकोस, मी येतो. आणि दुसऱ्या कुणाच्या राउटरची अख्खी चिपची प्रत स्वतःच्या चिपवर कधीच लिहायची नाही. त्याचा मॅक पत्ता आणि त्याचं कॅलिब्रेशन तुझ्या राउटरमध्ये येईल, मूळचं कायमचं जाईल, आणि वायफायची ताकद का घटली ते कळायचंही नाही.

खोका फायबर कंपनीने दिलेला असेल तर यातलं काहीही करू नकोस. तो त्यांच्या मालकीचा, बदलून माग. स्वतः विकत घेतलेला असेल तरच हा खटाटोप.

लेबलचा स्पष्ट फोटो पाठव, आवृत्तीचा आकडा दिसू दे. आणि नेटवाल्याकडून पीपीपीओईचं, म्हणजे नेट जोडायच्या लॉगिनचं, युजरनेम-पासवर्ड आजच लिहून घे. राउटर उठला की सगळी सेटिंग कोरी असतील आणि तेव्हा ते लागेल. यूएसबीचा तो अडॅप्टर माझ्याकडे आहे. पुढच्या शनिवारी सुट्टी टाकता आली तर सकाळच्या गाडीने निघतो.

काकूंना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत