मायबोली बोलणारा सगळंच जाणतो का?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

"आमची मायबोली आहे, आम्हाला काय शिकवता" असं कोणी म्हटलं की आपल्याकडे चर्चाच बंद होते. बहिणाबाईंचंच घ्या ना, जन्मापासून अहिराणी (आपल्या खानदेशातली बोली) बोलणारी शिकलेली माणसंसुद्धा स्टेजवरून बिनधास्त सांगतात की त्यांच्या कविता अहिराणीत आहेत, अहो पण बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या, त्यांची बोली लेवा गणबोली, म्हणजे तिकडच्या लेवा समाजाची बोली! अहिराणीत 'रामना', 'रामनी' असं गुजरातीसारखं ना-नी चालतं, लेवा बोलीत मराठीसारखं चा-ची. नुसतं कान देऊन ऐकलं तरी फरक कळतो.

अहिराणी म्हणजे अशुद्ध मराठी, हे तर खुद्द अहिराणी बोलणारेच आपल्या पोरांना सांगतात, याचं फार वाईट वाटतं. इंग्रजांच्या काळात भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रियर्सनने १९०७ साली खानदेशीला (म्हणजे अहिराणीलाच) आपल्या ग्रंथाच्या मराठीच्या खंडात न घालता भिल्ल भाषांसोबत ठेवलं, जनगणनेतही ती मराठीहून वेगळी मोजतात.

आता घरात काय बोलतात, कसं बोलतात यात धुळ्याकडच्या आजीचाच शब्द शेवटचा, तिथे कुठल्या प्रोफेसरने तिला चूक म्हणू नये. पण बोली आली कुठून, तिचे नियम काय, शेजारच्या तालुक्यात कशी बोलतात हे नुसतं बोलून कळत नाही, त्यासाठी गावोगाव फिरून ऐकावं लागतं, रेकॉर्डिंग करावं लागतं. तुमच्या पेपरात बोलीवर काही छापताना निदान दोन-तीन तालुक्यांतल्या लोकांना आणि एखाद्या अभ्यासकाला विचारून मग छापा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, अमळनेर