पेन्सिलीचं मतदान

वेंटवर्थव्हिल, सिडनी
रविवार, 7 डिसेंबर 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. ड्यूटी, डबा, तब्येत हे सगळं आई रोज फोनवर विचारते, म्हणून ते परत लिहीत नाही. हे पत्र मुख्यतः बाबांसाठी आहे. बाबा, फोन हातात घेतल्यावर दुसऱ्या मिनिटाला तुम्ही "बरं, आईशी बोल" म्हणता. 26 जानेवारीपासून तर ते एका मिनिटावर आलंय. पत्र असं मध्येच आईकडे देता येत नाही. आणि निवडणुकीबद्दल असलं तर तुम्ही ते अर्धं टाकणार नाही, एवढी मला खात्री आहे.

आधी काळजीचं उरकते. दादाने ग्रुपवर टाकलेला मोर्च्याचा व्हिडिओ शेजारच्या काकूंनी आता "कालचा" म्हणून पुन्हा पाठवलाय. तो कालचा नाही, 31 ऑगस्टचा आहे. त्या रविवारी "मार्च फॉर ऑस्ट्रेलिया" नावाने सिडनी, मेलबर्न आणि आणखी शहरांत बाहेरून येणाऱ्या लोकांविरुद्ध मोर्चे निघाले. त्यांच्या पत्रकात भारतीयांचं नावच घेतलं होतं: ग्रीक आणि इटालियन शंभर वर्षांत आले नाहीत तेवढे भारतीय पाच वर्षांत आले, म्हणे. हे काही मी लपवत नाही. पण मी त्या दिवशी ड्यूटीवर होते, मोर्चा शहरात होता आणि माझं घर तिथून गाडीने पाऊण तासावर. सरकारने लगेच त्याचा निषेधही केला.

त्याच आठवड्यात जसिंटा नाम्पिजिन्पा प्राइस नावाच्या विरोधी लिबरल पक्षाच्या सिनेटरबाई बोलल्या, की सरकार भारतीयांना आणतं कारण ते सत्ताधारी लेबर पक्षाला मतं देतात. माफी मागेनात, आणि आपल्या नेत्यावर विश्वास आहे का याचंही सरळ उत्तर देईनात, तेव्हा पक्षाच्या नेत्या सुझन ली यांनी त्यांना छाया मंत्रिमंडळातून काढलं आणि भारतीयांची स्वतः माफी मागितली. मला राग आला त्यापेक्षा हसू जास्त आलं. इथे मत हवं तर नागरिक व्हावं लागतं, त्यासाठी निदान चार वर्षं राहावं लागतं आणि त्यातलं शेवटचं एक पीआरवर, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यावर. मतांसाठी माणसं आणायची तर एवढी वाट बघणारा पक्ष आपल्याकडे तरी मला माहीत नाही.

आमच्या वॉर्डात रात्री चौघी असतो: एक केरळची, एक नेपाळची, एक फिलिपाइन्सची आणि मी. मोर्च्याच्या बातम्या टीव्हीवर लागल्या तेव्हा सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "तू कुठे जाऊ नको हं. ती दुसरी फार जोरात सुई टोचते." मला कोणी काही बोललेलं नाही. एकदा बसमध्ये एकजण बोलला, पण तो प्यायलेला होता आणि ड्रायव्हरने त्याला पुढच्या स्टॉपला उतरवलं. ड्रायव्हर पंजाबी होता. एवढं वाक्य आईला वाचून दाखवू नका.

आता तुमचा विषय. 3 मे ला मी मतदान केलं. तुम्ही काही विचारलं नाहीत, म्हणून मीच सांगते.

इथे मत देणं सक्तीचं आहे. न दिलंत तर पत्र येतं, का आला नाहीत म्हणून, आणि कारण पटलं नाही तर 20 डॉलर दंड. 1922 च्या निवडणुकीत साठ टक्केसुद्धा लोक आले नव्हते, म्हणून 1924 मध्ये कायदा केला. त्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीला नव्वदच्या वर गेले. तुम्ही दुपारी तीन वाजता केंद्राच्या दारात उभं राहून गावातल्या पोरांना "अरे, म्हातारीला तरी आणा" म्हणायचात ना, ते काम इथे वीस डॉलर करतात.

मतदान शनिवारी असतं आणि शाळेतच असतं. तेवढं सोडलं तर सगळं उलटं. मी पासपोर्ट, लायसन्स, विजेचं बिल अशी फाईल घेऊन रांगेत उभी. टेबलावरच्या बाईंनी फाईलकडे बघितलंसुद्धा नाही. पूर्ण नाव काय, राहता कुठे, या निवडणुकीत आधी मत दिलंय का, असे तीन प्रश्न. तिसऱ्याला "नाही" म्हटलं की यादीत पट्टी ओढून नावावर खूण केली आणि कागद हातात दिले. झालं. मी डाव्या हाताचं बोट पुढे करून तशीच उभी. बाई घाबरल्या. म्हणाल्या, "लागलंय का तुम्हाला?" बाबा, इथे शाई नाही. मी बोट मागे घेतलं आणि उगाच चोळत पुढे गेले.

आत पुठ्ठ्याचे आडोसे, पुठ्ठ्याची पेटी आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. हो, पेन्सिल. कोणी खोडलं तर, हाच प्रश्न तुम्ही विचाराल, मीही विचारला. पेटीला नंबरचं सील असतं, पक्षांची माणसं समोर बसलेली असतात, आणि पेन हवं तर स्वतःचं आणायला कोणाची ना नाही. मी पर्समधलं बॉलपेन काढलं. तुमची मुलगी आहे.

खालच्या सभागृहाचा कागद हिरवा आणि सिनेटचा पांढरा. पांढरा उघडला की आडोशात मावत नाही, दोन्हीकडून लोंबतो. फुली मारायची नाही, शिक्का नाही, बटण नाही. हिरव्या कागदावर प्रत्येक उमेदवारासमोर आकडा लिहायचा: सगळ्यात आवडता 1, मग 2, मग 3, थेट ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्यापर्यंत. एकही चौकोन रिकामा सोडायचा नाही. हे तुम्हाला परकं नाही. पदवीधर मतदारसंघाला जांभळ्या स्केच पेनने पसंतीक्रम लिहायचा असतो आणि कोणीतरी दरवेळी बरोबरची खूण करून मत बाद करतं, ते तुम्हीच सांगायचात. तेच हे, फक्त अख्ख्या देशाला, आणि 1918 पासून.

मोजणीही तशीच. कोणाला निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत, तर सगळ्यात खालच्याला बाद करायचं आणि त्याच्या कागदावरच्या दुसऱ्या पसंतीला मतं वाटायची. असं निम्म्याच्या वर कोणी जाईपर्यंत. ग्रीन्स पक्षाचे नेते अ‍ॅडम बँड्ट मेलबर्नमध्ये पहिल्या पसंतीला चांगले पुढे होते, आणि इतरांच्या पसंत्या वाटल्यावर हरले. लेबरला देशभरात पहिल्या पसंतीची मतं 35 टक्क्यांच्या आतच, पण 150 पैकी जागा 94. विरोधी पक्षनेते पीटर डटन तर 2001 पासूनची स्वतःची जागा घालवून बसले. दादा म्हणेल, हा घोळ आहे. मला विचाराल तर यात एक गोष्ट बरी आहे: नुसती आपली टोळी खूश ठेवून भागत नाही, दुसऱ्याच्या मतदाराचा दोन नंबर मिळवायलाही त्याच्या दारात नमस्कार करावा लागतो.

आपल्याकडे केंद्रापासून 100 मीटरवर चुन्याची रेघ. इथे 6 मीटर! दारापर्यंत सगळ्या पक्षांची माणसं, रंगीत टी-शर्ट घालून, आमच्या उमेदवाराला 1 देऊन बाकीचे आकडे असे भरा म्हणून कागद हातात कोंबतात. आणि दुपारी तीच माणसं एकमेकांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळतात, हे मी स्वतः पाहिलं. संध्याकाळी सहाला दार बंद, आणि त्याच खोलीत टेबलं जोडून हाताने मोजणी सुरू. ट्रक नाही, स्ट्राँगरूमच्या दारात पहाटे तीनपर्यंत ताटकळणं नाही. मला पाटणच्या डोंगरातलं तुमचं ते केंद्र आठवलं. आईने बांधून दिलेल्या चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी, शाळेच्या बाकावर काढलेली रात्र, आणि दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर मतांच्या हिशोबाच्या 17-सी चा आकडा जुळला हे आंघोळीच्याही आधी सांगणं.

आता आईसाठी. मत दिल्यावर बाहेर शाळेचा पालकसंघ सॉसेज भाजत असतो. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये सॉसेज, परतलेला कांदा आणि सॉस. याला "डेमोक्रसी सॉसेज" म्हणतात. 2016 साली हा इथला वर्षाचा शब्द ठरला होता. कुठल्या केंद्रावर मिळतं याचा नकाशा लोक नेटवर बघतात. पैसे शाळेला जातात. मत सक्तीचं आणि सॉसेज ऐच्छिक, पण माझ्या रांगेतल्या बोलण्यावरून उलट वाटावं. आई, शनिवार होता. मी नुसता कांदा-ब्रेड मागितला. भाजणाऱ्या काकांनी दोनदा विचारलं, मग कांदा दुप्पट घातला आणि पैसे घेतले नाहीत.

बरं, पैशांचं. गेल्या ऑक्टोबरपासून सरकारने पहिलं घर घेणाऱ्यांसाठी योजना वाढवलीय: किमतीच्या 5 टक्के आपण भरायचे, आणि आणखी 15 टक्क्यांपर्यंत बँकेला हमी सरकारची. रिझर्व्ह बँकेने यावर्षी तीनदा व्याजदर उतरवून 3.60 वर आणला. दोन्ही जुळून आलं म्हणून मी दोन खोल्यांचा फ्लॅट बघितलाय, स्टेशनजवळ, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. आईचे गुडघे लक्षात घेऊनच बघितला. म्हणून स्लॅबचे पैसे एकदम जमणार नाहीत. निम्मे फेब्रुवारीत पाठवते, उरलेले दिवाळीपर्यंत. दादाला म्हणावं, पावसाळ्याआधी निदान गळतंय तेवढं करून घे. पाच वर्षांत परत येते म्हणाले होते, आता आठवं लागेल, हे मला मोजता येतं. कोणी मोजून दाखवायची गरज नाही.

पुण्याच्या स्थळाला नाही कळवा. मुलगा चांगला आहे, फोटोत तर फारच. पण त्याला इकडे यायचंय म्हणून मी हवी आहे, आणि ते त्याने दुसऱ्याच वाक्यात सांगितलं. आई, चौतीस म्हणजे काही संपलं नाही. इथले पंतप्रधान अल्बनीज आठवड्यापूर्वीच, 29 नोव्हेंबरला, सरकारी बंगल्याच्या बागेत लग्नाला उभे राहिले. वय बासष्ट. त्यांच्या कुत्र्याने अंगठ्या आणल्या. माझं त्याच्या आत होईल. इथे कोणी आहे का, असं तू विचारणारच. फोनवर सांगते, बाबा झोपल्यावर.

रोहनला सांगा, येत्या बुधवारपासून, 10 तारखेपासून, इथे सोळाच्या आतल्या मुलांना इन्स्टा, टिकटॉक, यूट्यूबवर खातं ठेवायला बंदी. आत्या त्याला इकडे बोलावणार होती, ते तो आता स्वतःच रद्द करेल.

बाबा, एक काम राहिलं. तुमच्याकडे नगरपालिकांचं मतदान 2 तारखेला झालं आणि निकाल 21 वर गेला, तोवर दुबार नावांवरून वाद चाललेत, असं वाचते. त्या दुबारांत एक मी आहे. आपल्या यादीत, तुमच्या खाली, अजून माझं नाव आहे. केंद्राची यादी सांभाळणारे बीएलओ असताना तुम्हीच घातलेलं, अठरा पूर्ण झाल्याच्या आठवड्यात.

26 जानेवारीला इथल्या कौन्सिलच्या हॉलमध्ये मी नागरिकत्वाची शपथ घेतली. तारीख मी निवडली नव्हती. इथला राष्ट्रीय दिवस तोच आहे, आणि इथले मूळ लोक त्या दिवशी निषेध करतात. सकाळी शाळेत झेंडावंदन करून तुम्ही फोन केलात, तेव्हा मी साडी नेसून रांगेत होते आणि उचलला नाही. येताना सगळ्यांना एकेक रोप दिलं. ते गॅलरीत आहे, जगलंय.

तेव्हा नमुना 7 भरून, सही करून सोबत पाठवतेय. तहसीलमध्ये तुम्हाला ओळखतात, रांग लागणार नाही. नाव कमी करण्याच्या कारणाचा चौकोन मात्र रिकामा ठेवलाय. "कायमचे स्थलांतरित" वर खूण केली असती तर चाललं असतं, असं इथली एक मैत्रीण म्हणाली. त्याच कारणांत "भारतीय नागरिक नाही" असाही चौकोन आहे. बरोबर कुठला ते मला माहीत आहे, तुम्हालाही. तेवढी खूण तुम्ही करा.

आईला नमस्कार, रोहनला पापा.

तुमची,
मनू