अनुताई, उशिरा का होईना, आभार

ती. अनुताई वाघ यांस,
सा. न. वि. वि.

ताई, १९९२ साली तुम्ही गेलात, तेव्हा हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही हे मला कळतं. पण डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर मी अंगणवाडी चालवते, आणि सकाळपासून मी जे जे करते त्यातलं बरंचसं तुम्ही आणि ताराबाई मोडकांनी खेड्यातल्या लहान मुलांच्या शिक्षणासाठी आधीच करून ठेवलंय. आभार मानायचे राहून गेले होते, ते आता चारचौघांसमोर मानते.

ताराबाई आणि गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला तो भावनगरला. तिथून खेड्यातल्या मुलांपर्यंत यायला १९४५ साल उजाडलं. आमच्याच डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं तेव्हा ताराबाई ५३ वर्षांच्या होत्या. तुम्ही ३५ च्या. तेराव्या वर्षी लग्न, सहाच महिन्यांत वैधव्य, मग शिकून शिक्षिका झालात आणि पुण्यातली हुजूरपागा या मुलींच्या शाळेतली नोकरी सोडून बोर्डीला आलात. आमच्यातल्या कितीजणी हे धाडस करतील, मला शंकाच आहे.

बालवाडी उघडली, पण हरिजन वस्तीतली मुलं तिकडे फिरकेनात. आईबापांना शिक्षणाची किंमत नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. तुम्ही बालवाडीच त्यांच्या अंगणात नेलीत. आधी जागा झाडायची, मुलांना न्हाऊ-माखू घालायचं, नखं कापायची, केस विंचरायचे, मगच गाणी-गोष्टी. मॉन्टेसरी पद्धतीच्या शिक्षणाचं महागडं साहित्य कुठून आणणार? शंख-शिंपले, चिंचोके, गोटे, पानं, काड्या यांवर मुलं मोजायला आणि जोड्या लावायला शिकली. आजही प्रशिक्षणात आम्हाला ‘परिसरातील साहित्य’ म्हणून हेच शिकवतात, जणू काही परवाच कुणाला सुचलंय!

पुढे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथल्या वारली आदिवासी मुलांची अडचण निराळीच होती. मुलगे गुरांमागे रानात, तर तुम्ही कुरणातच शाळा भरवलीत. मुलींच्या कडेवर धाकटं भावंड, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणलीत आणि त्या सगळ्याला मिळून विकासवाडी म्हटलंत. मला सगळ्यांत जास्त अप्रूप या विकासवाडीचं आहे. कारण आमच्या पाड्यावर भातलावणीला आई शेतावर गेली की मोठी बहीण अजूनही घरी राहते. तिला शाळेत पाठवा म्हणून सांगायला गेलं की आजी विचारते, मग पोराला कोण सांभाळणार? तुम्ही त्या आजीला भाषण दिलं नाहीत, पाळणा बांधून दिलात. मी आता तेवढंच करते. धाकट्यालाही घेऊन ये म्हणते आणि कोपऱ्यात झोळी टांगते. अडीच वर्षांचं मूल नियमात बसत नाही, पण झोळीत बसतं.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, तुम्हाला १९८४ मध्ये पद्मश्री. मधे १९७३ मध्ये ताराबाई गेल्या आणि कोसबादचा सगळा भार तुमच्यावर आला. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हटलं. आज देशात अशा १४ लाखांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. त्यांत वजनकाटा आला, पोषण आहार आला, मोबाईलवर माहिती भरणं आलं. कधीकधी माहिती भरण्यातच गाण्यांचा वेळ जातो. तुम्ही असतात तर मोबाईल बाजूला ठेवून आधी मुलांचे हात धुवायला लावले असतेत, असं मला वाटतं.

एक आभार मात्र माझ्या एकटीचे नाहीत. पन्नाशी ओलांडल्यावर तुम्ही बी.ए. झालात, हे मी आमच्या मदतनीस मावशींना सांगितलं. त्यांची शाळा चौथीत सुटली होती. त्या हसल्या, म्हणाल्या, ‘त्यांचं काय, त्या मोठ्या बाई.’ पण गेल्या महिन्यात त्यांनी दहावीचा बाहेरून भरायचा फॉर्म कुठे मिळतो ते विचारलं. गणिताची भीती आहे म्हणतात. चिंचोके आहेतच, बसवीन त्यांना मुलांच्या शेजारी.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. डहाणू, जि. पालघर