टायमिंग बेल्ट आणि कामगंध सापळा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत गाडीच्या देखभालीवर पानभर लेख आला होता, आमच्याकडे पेपर दुपारच्या बसनं येतो म्हणून वाचायला संध्याकाळ झाली, पण वाचला पूर्ण. लेखात चूक असं काही नव्हतं. फक्त वाचून झाल्यावर बायको म्हणाली की एवढं सगळं दर सहा महिन्यानं करायचं तर गाडी विकून तिच्याच सर्व्हिसिंगला पैसे लावावे लागतील. म्हणून हे पत्र, लांबलं तर कापा, फक्त पट्ट्याचं (टायमिंग बेल्टचं) कापू नका.

मी दर्यापूर तालुक्यातला, खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणी खारं, कोरडवाहू शेती, कापूस तूर आणि रब्बीत हरभरा. गाडी टाटा इंडिका डिझेल, २००९ चं मॉडेल, २०१५ ला सेकंडहँड घेतली. आमची शकुंतला रेल्वे तर बंदच आहे, एसटी तिच्या टायमानं, त्यामुळे रात्री-बेरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं की गल्लीत हीच एक गाडी. वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर चालते, जास्त नाही.

तुमच्या लेखात टायमिंग बेल्टवर एकच ओळ होती, "गरजेनुसार बदलावा". साहेब, या पट्ट्याची गरज दिसत नाही हाच तर सगळा वांधा आहे. ब्रेक घासले की आवाज येतो, क्लच गेला की गाडी ओढत नाही, बॅटरी उतरली की सकाळी कण्हते. पट्टा काहीच सांगत नाही. रबराचा दातेरी पट्टा असतो, खालची क्रँक (पिस्टन जिला फिरवतो ती दांडी) आणि वरची कॅम (व्हॉल्व उघडणारी दांडी) एका तालात फिरवतो, प्लास्टिकच्या झाकणामागं असतो म्हणून कोणाच्या नजरेला पडत नाही, आणि तुटला की वर उघडे राहिलेले व्हॉल्व आणि खालून येणारा पिस्टन यांची टक्कर होते. बऱ्याच इंजिनात असंच आहे. सगळ्या गाड्यांना पट्टा नसतो हेही लेखात यायला पाहिजे होतं. जुन्या १०६१ सीसीच्या वॅगनआरला पट्टा आहे, नंतरच्या के-सिरीजवाल्या वॅगनआरला चेन आहे, स्विफ्ट डिझेलला चेन आहे. चेनवाल्यानं ऑइल वेळेवर बदललं तर चेन वर्षानुवर्षं चालते आणि जाताना खडखड करून सांगते तरी. म्हणजे पहिला प्रश्न "कधी बदलू" हा नाहीच, "माझ्या गाडीत पट्टा आहे का चेन" हा आहे, आणि सेकंडहँड गाडी घेणाऱ्या दहातल्या आठ जणांना ते माहीत नसतं, मलाही नव्हतं.

२०१६ च्या हिवाळ्यात आमच्या मिस्त्रीनं सांगितलं होतं, "भाऊ, पयल्या मालकानं पट्टा टाकला का नाही काई पत्ता नाई, टाकून घ्या, साडेपाच हजारात होते, नाहीतं मंग मले बोलू नोका." मी शहाणा, म्हटलं आधी झाकण काढून दाखव. त्यानं काढलं. पट्टा काळा कुळकुळीत, कुठं चीर नाही, दात शाबूत. म्हटलं चांगला तर आहे, पुढच्या वर्षी पाहू. पुढचं वर्ष म्हणजे २०१७, गुलाबी बोंडअळीचं, विदर्भातल्या कापूसवाल्याला ते वर्ष समजावून सांगायची गरज नाही. बोंडात कापसापेक्षा अळीच जास्त निघाली आणि पट्ट्याचे साडेपाच हजार कुठल्या कुठं गेले.

मे २०१८, मूर्तिजापूर रोड, दुपारी दोन, ऊन ४५ च्या वर, गाडीत मी, आई आणि साळ्याच्या लग्नाचा आहेर. लाखपुरीच्या अलीकडे चालती गाडी एकदम मुकी झाली. ना धूर ना आवाज. सेल्फ मारला तर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भुर्रकन फिरला, मला वाटलं अरे वा, बॅटरी तर मस्त आहे. ती बॅटरी मस्त नव्हती साहेब, व्हॉल्व वाकल्यामुळे इंजिनात दाबच उरला नव्हता. (कोणाची गाडी अशी चालता चालता बंद पडली आणि सेल्फ असा हलका फिरला तर पुन्हा पुन्हा मारू नका, जे वाचलं असेल तेही वाकेल.) ट्रॅक्टरला टोचन करून गाडी आणली, हेड खोललं, आठपैकी सहा व्हॉल्व वाकलेले, मशीन शॉप, हेड गॅसकेट, नवा पट्टा, मजुरी, सगळं मिळून सत्तावीस हजार. मिस्त्री एका शब्दानं बोलला नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून मी डोकं लावून एक गोष्ट ठरवली आणि ती मला वर्कशॉपवाल्यानं नाही, कापसानं शिकवली. आपण फवारणी कधी करतो? कृषी विद्यापीठवाले सांगून सांगून थकले की अळीच्या भीतीनं फवारू नका, कामगंध सापळा (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारा) लावा, त्यात सलग ३ दिवस रोज ८ ते १० पतंग सापडले की मग फवारा, त्याच्या आत फवारलं तर औषधाचा खर्च अळीच्या नुकसानीपेक्षा जास्त. याला ते आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. पण हरभऱ्याच्या मर रोगाला हा हिशोब चालत नाही. तिथं पेरायच्या आधी बियाण्याला ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) चोळायचा, झाड वाळायला लागल्यावर मग कितीही औषध टाका ते उठत नाही. आता सांगा, टायमिंग बेल्ट बोंडअळी आहे का मर आहे?

मर आहे. म्हणून तो पाहून नाही, तारखेनं बदलायचा. कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी येईल ते. आमच्यासारख्या कमी चालणाऱ्या गाड्यांचे किलोमीटर कधी भरतच नाहीत, "आत्ता कुठं चाळीस हजार झालेत" म्हणत आपण बसतो आणि रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. कॅमच्या सीलमधून ऑइल झिरपून पट्ट्यावर येत असेल तर पुस्तकातली वर्षंही धरायची नाहीत. आणि एकदा ते झाकण उघडलंच तर पट्टा ताणून धरणारा टेन्शनर, आणि त्याच पट्ट्यावर वॉटर पंप फिरत असेल तर तोही, तेव्हाच टाकायचा, कारण मजुरी एकच लागते, सामानाचे तेवढे जास्त. सेकंडहँड गाडी घेताना जुन्या मालकाकडं बिल नसेल तर पट्टा बदललेलाच नाही असं धरायचं आणि तेवढे पैसे सौद्यातच कापून घ्यायचे. मी आता बोनेटच्या आतून पांढऱ्या पेंटनं तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवलंय, बायको म्हणते घराच्या जोत्यावर सुद्धा तुम्ही एवढं नीट लिहिलं नाही.

बाकी पुष्कळ गोष्टी मात्र बोंडअळीसारख्या आहेत, सापळा लावून बसायचं. इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाचंच घ्या, मागच्या वर्षी एक जण म्हणाला धूर मारते, पंप खोलून घ्या, अठरा हजार. गाडी एका सेल्फमध्ये चालू होते, अवरेज तेच आहे, धूर फक्त चढावर. पंप जायचा असेल तर महिना-दोन महिने आधी कुरकुर करतो, सकाळी चालू व्हायला वेळ लावतो, आणि गेला तरी बहुतेक वेळा गाडी नुसती उभी राहील, इंजिन मरणार नाही. म्हटलं राहू दे. ज्याची गाडी विकली तर पन्नास-साठ हजार येतील त्यानं अठरा हजाराचा पंप केवळ भीतीपोटी खोलू नये असं मला वाटतं. मग पट्टा कशाला टाकतो? कारण तो तुटला तर त्याच पन्नास हजाराच्या गाडीला सत्तावीस हजार लागतात. २०२४ ला १५ वर्षं झाली म्हणून आरटीओत पासिंग केलं, तेव्हा नुसती त्याची फी ५००० होती, वर पर्यावरण कर, एवढं भरून पाच वर्षं मिळाली तर ती पट्ट्यापायी घालवायची का.

आणि तिसरा प्रकार म्हणजे टॉनिक. कृषी केंद्रात एक बाटली मागितली की सोबत दोन टॉनिकच्या देतात ना, तसंच. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नुसतं ऑइल बदलायला गेलो होतो तर हातात सात हजार नऊशेचं एस्टिमेट, इंजिन फ्लश, डिकार्बनायझिंग, इंजेक्टर क्लिनिंग, कसलं तरी कोटिंग. विचारलं गाडीत काय दिसलं म्हणून हे करायचं, तर शर्ट इन केलेला पोरगा म्हणाला सर, प्रिव्हेंटिव्ह आहे. पुस्तकात यातलं काय लिहिलंय ते दाखव म्हटलं तर गप्प. माझा मिस्त्री तर म्हणतो जुन्या इंजिनात फ्लश टाकून साचलेला गाळ एकदम सुटला तर तो ऑइलच्या जाळीत जाऊन बसायची भीती. मी ऑइल आणि फिल्टर बदललं आणि निघालो.

ऑइलला मात्र मी कंजुषी करत नाही. आमचा शेजारी म्हणतो दहा हजार कुठं झाले. अरे बाबा, पुस्तकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की धूळ, कडक ऊन, छोट्या छोट्या फेऱ्या असतील तर लवकर बदला, म्हणजे कंपनीनं ज्याला अवघड परिस्थिती म्हटलंय ते आपलं रोजचं शेत ते घर आहे. मी वर्षातून एकदा बदलतोच, किलोमीटर काहीही होवो. एअर फिल्टर मळणी झाल्यावर, कारण तुरीचा भुसा आणि कापसाची रुई त्याच्यात आणि रेडिएटरच्या जाळीत अशी बसते की हवा जायला जागा राहत नाही.

रेडिएटरवरून आठवलं. खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकू नये, कधीच नाही. आमच्या गिझरची कॉइल दोन वर्षात क्षारानं भरते, तेच पाणी इंजिनातल्या बोटाएवढ्या वाटांमधून फिरलं तर काय होईल. लोक म्हणतात इथं कुठं बर्फ पडतो, कूलंट कशाला. बर्फासाठी नाहीच ते आपल्याकडं. नुसतं पाणी १०० ला उकळतं, अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड पाणी केलं की १०७ च्या आसपास जातं, वर झाकणाचा दाब मिळून आणखी पुढं, आणि आतून गंज धरत नाही ते वेगळंच. आणि गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) काढून फेकायचा जो उद्योग आपल्याकडं चालतो तो बंद झाला पाहिजे, त्यानं काटा खाली येतो पण इंजिन धड तापत नाही, डिझेल जास्त खातं आणि खरा आजार, बहुतेक वेळा भरलेला रेडिएटर, तसाच राहतो. इथं सापळाही सोपा आहे, सकाळी थंड गाडीत कूलंटच्या डब्याची खूण पाहायची. दर आठवड्याला खाली जात असेल, किंवा ऑइल मोजायची पट्टी काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल, तर त्या दिवशी पैसे नसले तरी उधार काढून गाडी दाखवायची.

आता पैशाचं. सर्व्हिसिंग कधी करायची ते कंपनी किलोमीटरवर ठरवते, आमच्याकडं ते बाजार समितीवर ठरतं. पैसा दिवाळीपासून मार्चपर्यंत, कापूस, तूर, मग हरभरा. जूनमध्ये बी-खताची उधारी, तेव्हा पट्ट्याची तारीख आली तर कोण टाकतो? म्हणून मी तारीख मागं ओढतो, पुढं नाही. जूनमध्ये येणारा पट्टा फेब्रुवारीत, तूर विकली की लगेच. कूलंट, होजपाइप, फॅनबेल्टही तेव्हाच, म्हणजे एप्रिल-मेच्या आधी. ऑइल आणि फिल्टर त्याच फेरीत, मळणी आटोपलेली असते. चार महिने आधी बदलल्यानं पट्ट्याचे चार-पाचशे रुपये वाया जातात असं धरा, ते मला चालतात.

तुमच्याकडून दोन गोष्टी पाहिजेत. एक, पुढच्या वेळी असा लेख छापाल तर कोणत्या गाडीला पट्टा आणि कोणत्या गाडीला चेन याचा एक तक्ता छापा, पान कापून लोक गाडीत ठेवतील. दुसरं, गाडीचं पुस्तक कंपन्या मराठीत का देत नाहीत ते कोणीतरी विचारा, फवारणीच्या बाटलीसोबत सुद्धा मराठीत घडीपत्रक येतं आणि लाखो रुपयाच्या गाडीचं पुस्तक इंग्रजीत, तेही सेकंडहँड घेतली की पहिल्या मालकाच्या कपाटात.

आपला,
एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

ता. क. - लेखासोबतच्या फोटोत एक माणूस वाफा निघणाऱ्या गाडीचं रेडिएटरचं झाकण उघड्या हातानं फिरवतोय. असा फोटो नका छापू. आत पाणी शंभरच्या वर तापून दाबात बसलेलं असतं, कुकरची शिट्टी काढल्यासारखं अंगावर येतं. माझ्या चुलतभावाच्या मनगटापासून कोपरापर्यंत अजून डाग आहे.