पेवाचं झाकण

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावाने सलाम.

परवा फोन केला तेव्हा तू शिफ्टवर होतास. "पप्पा, एक मिनिट," म्हणालास आणि फोन तसाच चालू ठेवून कुणा नव्या पोरावर ओरडलास, "अक्कल गहाण ठेवून आलायस का?" बाळा, ते वाक्य माझं आहे. आवाजातली धारसुद्धा माझीच. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

चूक मोठी असेलही. मशीनवर हात जात असेल तर ओरडावंच लागतं. पण तू त्याला थांबवायला नाही, चारचौघांत लहान करायला ओरडलास. हा फरक मला कळतो, कारण मी तुझ्याशी तेच केलं.

तू आठवीत होतास. नाताळच्या उपासनेत लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचायला उभा राहिलास. 'क्विरीनिय' या नावावर दोनदा अडखळलास, मागची पोरं हसली. बाहेर पडताना दारातच, माणसांसमोर, मी म्हणालो, "नाक कापलंस माझं." त्यानंतर पाळकसाहेबांनी किती वेळा विचारलं, तू पुन्हा वाचायला उभा राहिला नाहीस. आईनं मला तेव्हाच टोकलं होतं. मी म्हणालो, पोरगं नाजूक आहे.

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं तुला लहानपणी दाखवली होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या महापुरात त्यांत पाणी शिरलं आणि किती माल कुजला! मार्केट यार्डात दिवाणजी म्हणून इतकी वर्षं हळदीत काढली, पण त्या कुजलेल्या हळदीचा वास अजून नाकातून जात नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, तुमच्या तोंडून कुजकं भाषण निघू नये, ऐकणाऱ्याची उन्नती होईल असंच निघावं. शेकडो वेळा वाचलेलं वचन. पण तुझ्या तोंडून माझंच वाक्य ऐकलं तेव्हा तोच वास आला.

उगाच गोड गोड बोल, असं मी सांगत नाही. सौद्यात व्यापारी हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो आणि मग भाव बोलतो. माणसाविषयी चांगलं बोलायचं तर आधी त्याच्यात तेवढं बघावं लागतं. पौलाचा सोबती बर्णबा, त्याला ते जमायचं. पौल आधी शौल होता, विश्वासणाऱ्यांचा छळ करणारा; त्या शौलाला यरुशलेमेत सगळे भीत होते, तेव्हा यानंच त्याला प्रेषितांकडे नेलं. पुढं त्या दोघांच्या बरोबर प्रवासाला निघालेला मार्क पंफुल्यातून अर्ध्या वाटेवरून परत गेला म्हणून पौल त्याला बरोबर घ्यायला तयार नव्हता. बर्णबानं त्याच्यासाठी पौलाशी भांडण घेतलं आणि मार्कला घेऊन तो कुप्र बेटावर गेला. नंतर तुरुंगातून तोच पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहितो, मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत बर्णबा त्या पोराशी काय बोलला असेल, ते शास्त्रात नाही. मी मात्र हल्ली रोज त्याचाच विचार करतो.

तुझ्या हाताखालचं ते पोरगं नवीन आहे. उद्या त्याला बाजूला घे. चूक दाखव, पण त्याच्या हातून काय नीट झालं तेही बघून सांग.

आणि माझं ऐक. त्या दिवशी मी चुकलो, मला माफ कर. क्विरीनियनंतरचा मेंढपाळांचा सगळा भाग तू एकही शब्द न चुकता वाचलास, खणखणीत वाचलास. मी ऐकला होता. तेव्हा सांगितलं नाही, आज सांगतोय.

पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत. झाकण काढून काही तास तसंच ठेवतात, आत हवा जाऊ देतात, नाहीतर उतरणारा गुदमरतो. म्हणून या पत्राला लगेच उत्तर दे, असं मी म्हणत नाही.

आई बरी आहे. तुझ्यासाठी सांडगे वाळत घातलेत.

तुझा,
पप्पा