ती व्हॅन मैत्रिणीची नाही, माझी आहे

प्रिय आई-बाबा,

फोनवर आई मधेच रडते आणि बाबा "बरं बरं" म्हणून फोन परत तिच्याकडेच देतात, म्हणून लिहितेय. पूर्ण वाचा आणि मगच फोन करा.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मागे पांढरी व्हॅन दिसली, मैत्रिणीची म्हणाले, ती माझी आहे. म्हणजे कंपनीची. डिझाइनची नोकरी सोडली मी. आता कचऱ्याच्या गॅसवर चालणारी इंजिनं सांभाळते, नवीन ठिकाणी तिसरा आठवडा चालू आहे. आधी सांगायला हवं होतं, चुकलंच माझं, पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर असताना हा विषय कुठे काढत बसू.

बेडफर्डजवळ विटांसाठी माती काढून काढून मोठाले खड्डे झाले होते, त्यात लंडनचा कचरा भरला आणि वरून माती टाकून झाकला. आई, तुझ्या डोळ्यासमोर टीव्हीवरची देवनारची आग आली असेल, तसं नाहीये गं, वर गवत आहे, ससे पळतात. खाली कचरा कुजून गॅस होतो, साधारण निम्मा मिथेन, म्हणजे आजोळच्या गोबरगॅसचा मोठा भाऊच. खाली सोडलेल्या पाइपांतून ब्लोअर तो ओढतो आणि इंजिनला देतो, त्याची वीज होते. फार ओढला तर हवा आत शिरून कचऱ्याच्या पोटात आग लागू शकते, म्हणून ऑक्सिजन मोजत एकेक व्हॉल्व्ह जरा जरा फिरवायचा. इंजिनं वीस सिलिंडरची, एकेक मेगावॉटची, रात्रंदिवस १५०० आरपीएमवर. माझ्याकडे अशा चार साइट आहेत.

बाबा, परवा एका इंजिनचं हेड उतरवलं तर आत काजळी नाहीच, पांढरा थर, अंगाऱ्यासारखा, पण नखाने खरवडायला गेले तर काचेसारखा कडक. लोकांच्या शाम्पू-क्रीममधलं सिलिकॉन कचऱ्यातून गॅसमध्ये येतं आणि जळलं की त्याची ही अशी वाळू होऊन बसते. मी खाली बसून ते साफ करत होते आणि एकदम तुमच्या इंजिन दुरुस्तीच्या गाळ्यातला डिझेलचा वास आला, तिथे डिझेल कुठलं, पण आला. टॅपेटची फट लावताना तुम्ही माझ्या हातात फीलर गेजची, फट मोजायची, पातळ पट्टी द्यायचात, "अडकत अडकत सरकली पाहिजे." इथेही तशीच सरकते. दोन वर्षं स्क्रीनवर पाइपच्या रेघा मारल्या, त्यात एक दिवस असं काही झालं नाही हो.

गॅस दरवर्षी कमी होत जातो आणि जुन्या साइट्सची सरकारी सबसिडी मार्च २०२७ ला संपतेय, हे दादा गूगल करून सांगेलच, म्हणून मीच सांगून टाकते. पण इंजिन कळणारा माणूस उपाशी राहत नाही हे तुम्हीच म्हणायचात ना. पगार जवळपास तेवढाच आहे आणि रात्रीच्या ड्युटीचे वेगळे. रात्री इंजिन बंद पडलं तरी बऱ्याचदा घरून लॅपटॉपवरच चालू होतं, नाहीतर तोवर गॅस फ्लेअरवर, म्हणजे चिमणीसारख्या बर्नरवर, जळतो. गॅस मीटर कायम छातीशी लावलेला असतो, कानाला मफ असतात, त्यामुळे तुमच्यासारखं "काय म्हणालीस?" माझं होणार नाही. वास येतो, खोटं कशाला बोलू, पण बूट व्हॅनमध्येच काढते आणि घरात शिरले की आधी अंघोळ. डबा घरचाच, आमटी-भात, केबिनमध्ये मायक्रोवेव्ह आहे. थंडीत दोन स्वेटर घालते, तुझा मरून कलरचा आतून.

आता दुसरं. गौरीला येते म्हणाले होते ते जमणार नाही, नवीन नोकरीत एवढ्यात सुट्टी मागता येत नाही. रागावू नका. जानेवारीचं तिकीट काढलंय, खरंच काढलंय, पीएनआर पाठवते हवं तर. आई, मुखवटे काढायला माळ्यावर चढायचं नाही. स्टूलवरसुद्धा नाही. वॉकर कोपऱ्यात टॉवेल वाळत घालायला घेतलेला नाही. बाबा, बीपीची गोळी सकाळचीच, "बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही, आणि चहात साखर अर्धा चमचा, दादाला विचारणार आहे मी.

गाळ्याचं शटर तुम्ही शेवटचं ओढलंत त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. आताही नको. फक्त एक करा, तो फीलर गेजचा जुना सेट २०१९ च्या पुरातून वाचला होता, मी स्वतः पुसून ठेवलेला, शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये असेल. जरा तेल लावून ठेवा, जानेवारीत घेऊन जाते.

तुमची,
चिमी